रेखाला लिहून दिलेली दहा वाक्यं

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे.

सोलापुरात मी इंग्रजी बोलण्याचे क्लास घेते. अवघड शब्द हा माझा हातखंडा. कॉलेजात असल्यापासून एक वही होती — रोज दहा जड शब्द पाठ करायचे आणि संधी मिळेल तिथे फेकायचे. समोरचा गोंधळला की बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

रेखा माझी मैत्रीण. वळसंगहून एसटीने यायची. एकाच अभ्यासिकेत बसून आम्ही बँकेची परीक्षा दिली. ती लेखी पास झाली. मी — मी नापास. एवढी वहीवाली! तिने दिलेला पेढा तोंडभर हसून खाल्ला, पण पोटात दुखत होतं.

मुलाखतीसाठी माझी ओळख इंग्रजीत लिहून दे, म्हणाली. मी दहा वाक्यं लिहिली. वहीतले सगळ्यात जड शब्द निवडून निवडून घातले. वाचताना तिच्या कपाळावर आठ्या.

"आगं, हे मला झेपंल का? साधं लिव की."

साध्याला तिथे कोण विचारतं, म्हटलं. तिचं साधं इंग्रजी चांगलं होतं, पुरेसं होतं. हे मला माहीत होतं — तेव्हाच माहीत होतं.

एसटीत बसून तिने ती वाक्यं पाढ्यांसारखी पाठ केली. मुलाखतीत साहेबांनी त्यातल्याच एका शब्दाचा अर्थ विचारला. ती अडखळली, आणि मग येत होतं तेही सुचेना. तिथून आली ती थेट माझ्याकडे.

"तू लई चांगलं लिवून दिलं हुतंस गं. माझीच जीभ वळली न्हाय."

तेव्हा बोलता आलं असतं ना? मी तिला चहा पाजला. वर साळसूदपणे म्हणाले — सगळ्यांनाच इंग्रजी जमतं असं नाही. तिने पुन्हा परीक्षा दिली नाही. आता टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालते.

यंदा तिने मुलीला माझ्याच क्लासला घातलंय. मोठ्या विश्वासाने. परवा सगळी मुलं गेल्यावर ती पोर घुटमळली. "मावशी, आई म्हणते तिला इंग्रजी कधी जमलंच नाही. खरंय?"

मी फळा पुसत होते. पाठमोरीच 'हो' म्हणाले.