हळदीनं पिवळा झालेला थायरॉइडचा कागद

"आजोबा, तुम्हाला हायपोथायरॉइडिझम आहे," असं डॉक्टरीणबाई मोबाईलवरून बोलल्या, तवा मी भर दुपारी घोंगडी पांघरून ओसरीवर बसलो व्हतो. हात न लावता ह्यांना काय कळलं, असं वाटलं. पण वसमतला दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट त्यांच्यासमोर व्हता.

गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असती. ती हार्मोन बनवती, त्याच्यावर अंगातली गरमी अन् ताकद चालती. माझी ती थकली. म्हणून थंडी वाजायची, तोंड सुजायचं, बसल्या जागी डोळा लागायचा. आमी त्याला म्हातारपण समजलो. तुमीबी तसंच समजत असाल तर आधी रक्त तपासा.

बाईंनी हार्मोनची गोळी लावली. सकाळी उपाशीपोटी, अन् चहा तासाभरानं. चहाचं लई जड गेलं. मोबाईलवर डॉक्टर काहून, तर ह्या आजाराचे डॉक्टर आमच्या कुरुंद्याकडं न्हाईत, अन् मला बसमधी उभं राहवत नव्हतं.

पोरगं म्हणालं, औंदा हळद दुसऱ्याकडून शिजवून घेऊ, तुमी पडून राहा. कढईतली हळद शिजली का न्हाई, हे आमच्या घरात काडी टोचून मीच सांगतो. मी ठरवलं, हळद शिजायच्या आत उभा राहतो.

गोळीचा असर बघायला तपासणीची डबी कुरिअरनं घरी आली. बोटाला सुई टोचायची, कागदावरच्या गोलांत रक्ताचे थेंब पाडायचे, वाळवून लॅबला पाठवायचं. त्यातून टीएसएच कळतं. टीएसएच म्हंजे थायरॉइडला कामाला लावायला डोक्यातून येणारी हाक. ग्रंथी सुस्त पडली का हाक वाढती.

सून म्हणाली, "मामा, मी टोचते." मी म्हणलं, जिंदगीभर इळ्यानं बोटं कापून घेतली, एवढ्याशा सुईला तू कशाला? एक गोल भरला अन् सवयीनं बोट हळदीच्या डब्यात घातलं. आमच्यात कापलं का हळद, कोणी इचार करत न्हाई. मग तेच बोट दाबून बाकीचे गोल भरले. पाकीटबी मीच चिकटवलं, तिला दाखवलं न्हाई.

मग बाई मोबाईलवर आल्या. "आजोबा, लॅबवाले विचारतायत, रक्ताला फोडणी कुणी दिली?"

सून पदर तोंडाला लावून हसून राहिली. मला हसू आलं न्हाई. कागद बाद झालता, अन् शेतात हळदीची काढणी सुरू झालती. मी म्हणलं, तपासणी ऱ्हाऊ द्या, दोन गोळ्या खातो.

बाईंचा आवाज बदलला. "तुमच्या वयात डोस अंदाजानं वाढवला तर हृदयावर ताण येतो. रिपोर्टशिवाय मी वाढवणार नाही. आणि तुम्हीही नाही."

नातीच्या वयाच्या त्या. घरात मला असं कोणी बोलत न्हाई. पण लाडीगोडी लावली न्हाई, ते पटलं.

दुसरी डबी आली. नखांसकट हात साबणानं धुतले अन् सुनेपुढं बोट धरलं. "टोच."

रिपोर्टात टीएसएच अजून जास्तच व्हतं. बाईंनी डोस थोडा वाढवला. सूज हळूहळू उतरली. गोळी जिंदगीभर हाय, ती मी चुकवत न्हाई. घरी तपासायचं असंल तर संगं एक माणूस बसवा, अन् त्याचं ऐका. बाईंचे अन् सुनेचे उपकार मी मानतो.

पहिल्या कढया माझ्याबिगर उतरल्या. शेवटच्या दिवशी मी आपल्या पायानं शेतात गेलो. पोरानं धुरातून मला येताना बघितलं. हातातली काडी माझ्यापुढं केली अन् कढईजवळून बाजूला झालं.