काकांच्या कॅमेऱ्यासाठी स्थळ

चिंचणीच्या काकांइतका सावकाश निर्णय घेणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आणि झाला असेल तर तो अजून ठरवतोच आहे. ते माझे सख्खे काका नव्हेत. बाबा बोईसरच्या ज्या कारखान्यात आहेत, तिथेच ते माल तपासायच्या खात्यात होते. यंत्रातून निघालेला तुकडा उचलायचा, मापून बघायचा आणि केसाएवढा फरक असला तरी बाजूला ठेवायचा, हे काम ते आठवडाभर पगारावर करत आणि रविवारी आमच्या घरी येऊन फुकट करत. आईच्या हातची पोळी वाकडी झाली असेल तर ते बोलत काहीच नसत, पण खायला सुरुवात करण्यापूर्वी त्या पोळीकडे जरा जास्त वेळ बघत. आई मग रविवारी मुद्दाम भात करायची.

काकांकडे एक जपानी कॅमेरा आहे. त्यांच्या मेव्हण्यानं तो मस्कतहून आणला, आणि पुढे एकेक करून तीन भिंगंही आणली. चिंचणीची हवा खारी, भिंगावर बुरशी धरते, म्हणून ही सगळी मंडळी एका लाकडी कपाटात राहतात आणि त्या कपाटात रात्रंदिवस एक छोटा बल्ब जळत असतो. काकूंचं या बल्बाबद्दल एकच म्हणणं आहे. ‘‘माझ्या देवासमोरचा दिवा तेल संपलं की जातो, बाय. यांच्या देवाला मात्र लाइट गेली तरच अंधार.’’ दिवे गेले की काका खरोखरच कपाटाशी खुर्ची घेऊन बसतात. बसून काय करतात हे मी विचारलं नाही. बहुधा सोबत.

एका प्रसंगाला एक फोटो, हा त्यांचा नियम. बारसं असो, मुंज असो, एक. दुसरा कशाला, पहिल्यात काय चूक होती, असं ते विचारत. हा एक फोटो काढायला मात्र ते एवढा वेळ घेत की प्रसंगच संपत येई. आम्ही केळव्याला गेलो होतो तेव्हा त्यांनी आमच्या सगळ्या घराला समुद्राकडे पाठ करून उभं केलं आणि एक ढग सरकायची वाट बघत राहिले. ‘‘हलू नका,’’ ते म्हणाले. ढग सरकेना. भरतीचं पाणी आधी आमच्या टाचांना लागलं, मग घोट्यांवर आलं, मग आईच्या साडीचे काठ तरंगायला लागले. कोणी हललं नाही. त्या फोटोत आम्ही सगळे गुडघाभर पाण्यात, अत्यंत गंभीर चेहऱ्यानं, जलसमाधी घ्यायला एकत्र आल्यासारखे उभे आहोत. उजेड अप्रतिम आहे. दातिवऱ्याला तर एका माणसानं आपल्या नव्या होडीचा फोटो काढायला त्यांना बोलावलं होतं. काकांनी होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि उजेड चुकीच्या बाजूनं येतोय, होडी फिरवून ठेवता येईल का, असं विचारलं. होडीवाला त्यांच्याकडे बघत राहिला. ‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘आमी मासे धराला जाव का उजेड?’’ काकांनी या प्रश्नावर विचार केला. मग संध्याकाळी परत येतो म्हणाले, आणि आले.

असा एकेक करत छत्तिसांचा रोल संपायला वर्ष-दीड वर्ष लागे आणि तो संपल्याशिवाय धुवायला जात नसे. त्यामुळे आमच्या घरी फोटो यायचे तेव्हा त्यातलं बाळ चालायला लागलेलं असायचं.

मी इंग्रजी शाळेत शिकले. त्या शिक्षणाचा घराला झालेला मुख्य उपयोग म्हणजे रविवारी काकांना फोटोग्राफीची इंग्रजी मासिकं वाचून दाखवणं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. पण वाचणारा एक आणि संशय घेणारा एक अशी कामाची वाटणी त्यांना बरी वाटे. जाहिरातीत ‘अप टू’ असं आलं की ते हात वर करत. ‘‘थांब. ‘अप टू’ म्हणजे तिथपर्यंत पोचत नाही.’’ मी थांबायची. अशाच एका रविवारी मी वाचलं, की काकांच्या जातीचा कॅमेरा बनवणं कंपनीनं बंद केलं आहे. कंपनी आता नवी जात काढणार आणि नव्या कॅमेऱ्याला जुनी भिंगं बसणार नाहीत.

‘‘परत वाच,’’ काका म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

‘‘अरे, तुझा चालू आहे ना?’’ बाबा म्हणाले.

‘‘आज आहे.’’

‘‘मग झालं तर.’’

‘‘कॅमेरा आज बिघडत नाही,’’ काका म्हणाले. ‘‘तो नेहमी उद्या बिघडतो. आणि उद्या याचा सुटा भाग मिळणार नाही.’’ मग दोघंही खाली ठेवलेल्या कपाकडे बघत बसले. आईनं आतून येऊन बाबांना खुणेनं विचारलं, कोण गेलं?

नेमकं त्याच सुमारास माझ्या आत्यानं माझा फोटो मागितला. मी तेव्हा पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आत्याकडे नेहमीच चार स्थळं तयार असतात. मला पुढे एम.एस्सी. करायचं होतं, मुंबईला राहून, आणि हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी घरात फार बोलत नाही. मुलगी इंग्रजी शाळेत गेली म्हणून गप्प झाली, असं आईला वाटतं. ही मराठी घरातली आहे म्हणून गप्प आहे, असं शाळेतल्या बाईंना वाटायचं. फोटो गेला की पत्रिका जाणार, पत्रिका जुळली की माणसं येणार, आणि माणसं आली की माझं गप्प बसणं हा माझा सर्वांत मोठा गुण ठरणार, हे मला दिसत होतं. सगळं त्या एका फोटोवर अडलं होतं.

फोटो काका काढणार यात प्रश्नच नव्हता. माझ्या बारशापासूनचे सगळे फोटो त्यांचे. पण काका म्हणाले, ‘‘वहिनी, जुन्या शटरचा आता भरवसा नाही. एवढं महत्त्वाचं काम आहे. नवा कॅमेरा घेतो, नवा रोल घालतो, पहिला फोटो हिचा.’’ आईला भरून आलं. नवा कॅमेरा म्हणजे कितीसे दिवस, असं तिला वाटलं. बाबांना कारखान्यातला अनुभव होता, त्यांनी पेपर उघडला.

काकांनी मग कॅमेऱ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. अडचण कॅमेऱ्याची नव्हतीच, तीन भिंगांची होती. ‘‘कॅमेरा काय, बदलतो,’’ काका म्हणत. ‘‘भिंगं कुठे द्यायची?’’ त्याच कंपनीचा नवा कॅमेरा पहिल्या रविवारीच बाद झाला. जो आपल्याच घरच्यांना दारातून परत पाठवतो त्याच्याकडे बघायचंदेखील नाही, असं ठरलं. दुसऱ्या एका कंपनीचा भिंगं सोडून बाकी सर्व बाजूंनी पसंत पडला. मासिकातली त्याची दोन पानं मी इतक्या वेळा वाचली की ती मला अजून पाठ आहेत. पण त्याचं भिंग उलट्या दिशेनं फिरवून बसवावं लागतं, असं शेवटच्या ओळीत निघालं. काकांनी हार मानली नाही. उलटं फिरवायची हाताला सवय व्हावी म्हणून त्यांनी घरातल्या डब्या-बाटल्यांवर सराव सुरू केला. काकूंच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण आटे मोडून कायमचं बसलं. त्या वर्षीचं लोणचं दिसायचं, पण मिळायचं नाही. कॅमेरा बाद झाला.

मग एक रशियन कॅमेरा सांगून आला. मजबूत होता; काकूंच्या मते त्यानं नारळ फोडता आला असता. आई तर साडी कोणती नेसवायची यावर आली होती. पण काका रोज संध्याकाळी रेडिओवर बातम्या ऐकत. ‘‘कंपनी बंद पडली ते मी सोसलं,’’ ते बाबांना म्हणाले. ‘‘देशच बंद पडला तर?’’ बाबा हसले, आई हसली, मीही हसले. वर्षभरात तो देश खरोखरच बंद पडला. काका रविवारी आले, फक्त चहा दोनदा घेतला.

या सगळ्या काळात आईनं स्टुडिओत जायचं मनात आणलं नाही असं नाही. एकदा मला हिरवी साडी नेसवून ती बोईसर स्टेशनजवळच्या स्टुडिओपर्यंत घेऊनही गेली. पायरीवर पाय ठेवला आणि आतून काका बाहेर आले. ते कपाटासाठी नवा बल्ब घ्यायला शेजारच्या दुकानात आले होते आणि जाता जाता स्टुडिओवाल्याला त्याची एक चूक सांगायला आत डोकावले होते.

‘‘इकडे कुठे, वहिनी?’’

‘‘साडीला फॉल घ्यायचाय, भावजी,’’ आई म्हणाली.

काकांनी माझ्याकडे बघितलं. केसात गजरा, कानात मोत्यांच्या कुड्या. ‘‘चला,’’ ते म्हणाले, ‘‘मीही त्याच बाजूला चाललोय.’’ मग आम्ही तिघांनी जाऊन फॉल घेतला. रंग काकांनी जुळवून दिला. स्टुडिओत जाणं म्हणजे तुम्ही आता फोटो काढणारे राहिला नाहीत, असं काकांना तोंडावर सांगणं. ते आमच्या घरात कोणाच्यानंच झालं नसतं. त्या भिडेवर माझं बी.एस्सी. पार पडलं आणि एम.एस्सी.चा अर्जही मंजूर होऊन आला. फोटो निघालाच नाहीये, तोवर शिकू दे, असं बाबा म्हणाले.

मुंबईला गेल्यावरही मी शनिवारी घरी येई आणि रविवारी वाचायला बसे. एकदा मी एका कॅमेऱ्याचं सगळं वर्णन वाचून संपवलं. जुनी भिंगं त्याला बसत होती, एक छोटं कडं लावून. दिशा सरळ होती. देश ठीक होता. दोष शोधायला काही उरलं नव्हतं. आई आत कणीक मळत होती. काका बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

‘‘पोरी,’’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘तुला घाई आहे का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले.

‘‘मग पुढचं पान वाच.’’

पुढच्या पानावर दुर्बिणीची जाहिरात होती. ती मी अथपासून इतिपर्यंत वाचली.

शेवटी आत्या स्वतःच आली, आणि ती रविवार बघून आली. ‘‘अहो, तुमचा कॅमेरा ठरेपर्यंत पोरगी म्हातारी होईल,’’ ती काकांना म्हणाली.

‘‘उजेड चांगला असला तर फोटोत वय दिसत नाही.’’

‘‘स्थळं थांबतात का तुमच्या उजेडासाठी? वापीचा मुलगा आहे. स्वतःची जागा आहे, एकुलता एक. त्यांना घाई आहे.’’

‘‘त्याचा फोटो आहे?’’ काकांनी विचारलं.

आत्यानं पर्समधून काढून दिला. काकांनी खिशातून तपासायचं भिंग काढलं, फोटो खिडकीशी नेला आणि यंत्रातून नुकताच निघालेला तुकडा बघावा तसा तो बघितला. माझी आई, आत्या, बाबा, सगळे त्यांच्या पाठीकडे बघत बसले. मी पाण्याचा तांब्या धरून दारात उभी होते.

‘‘मुलगा कसा आहे ते मला सांगता येणार नाही,’’ काका परत येऊन म्हणाले. ‘‘फ्लॅश समोरून मारलाय. मागं भिंतीवर डोक्याएवढीच काळी सावली आहे. हा फोटो त्यानं बघितला, त्याच्या आईनं बघितला, आणि दोघांनी चालवून घेतला.’’ त्यांनी फोटो आत्याच्या हातात दिला. ‘‘चालवून घेणारी माणसं आहेत.’’

‘‘मग वाईट काय त्यात? संसारात चालवूनच घ्यायचं असतं.’’

‘‘हिला येतं का ते?’’ काका म्हणाले. आत्यानं माझ्याकडे बघितलं. त्या खोलीत माझ्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदाच माझ्यावर सोडलं गेलं होतं. मी म्हणाले, ‘‘मला परीक्षा द्यायची आहे.’’ वाक्य छोटं होतं, पण ते बाहेर पडलं. आत्या जेवून गेली. तो मुलगा आमच्या घरात पुढे कायम ‘चालवून घेणारा’ म्हणूनच ओळखला गेला. तो बिचारा चांगलाही असेल.

एम.एस्सी. झालं, एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. रुजू व्हायच्या आधी मी एकटीच चिंचणीला गेले. काकू अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मी म्हणाले, ‘‘काका, आता माझा फोटो काढा.’’ नवा कॅमेरा अर्थातच आला नव्हता. काकांनी कपाट उघडून जुनाच बाहेर काढला. त्यांनी मला मागच्या वाडीत नेलं, चिकूच्या झाडाखाली उभं केलं, तिथून हलवून विहिरीपाशी आणलं, परत झाडाखाली नेलं. ‘‘हलू नको,’’ म्हणाले. पान हललं की ते थांबत, ऊन सरकलं की थांबत. लहानपणी मला या थांबण्याचा कंटाळा यायचा. त्या दिवशी मला जाणवलं, की एवढा वेळ, काही न मागता, माझ्याकडे दुसऱ्या कोणीच कधी बघितलेलं नाही. मग शटर वाजलं, अगदी स्वच्छ.

‘‘काका, शटर बरं आहे की.’’

‘‘आज आहे,’’ काका म्हणाले आणि कॅमेरा पुसायला लागले.

रोल तेव्हा जेमतेम सुरू झाला होता. नवा कॅमेरा घ्यायचा विषय निघाला की ते म्हणतात, हा रोल संपू दे. आणि रोल संपत नाही. निवृत्त झाल्यापासून ते जास्तच जपून काढतात. काकू म्हणतात, ‘‘संपवा की एकदाचा, त्याच्यात पोरीचा फोटू हाय.’’ काका ऐकतात आणि कपाट लावून घेतात. दरम्यान माझं लग्न मी ठरवलं. त्या माणसानं फोटो मागितला नव्हता, आणि आत्यानंही आता विचारणं सोडलं आहे. पुढच्या महिन्यात काका लग्नाला येतील आणि एक फोटो काढतील. चिकूखाली मी कशी दिसत होते, ते मला कधी कळेल सांगता येत नाही. तोपर्यंत ते फक्त काकांना माहीत आहे.