वळणावरचा लोटा

“थांबा रे, बोलून राह्यली.” एवढं म्हणून ते हात वर करायचे आणि मागची आम्ही वीसेक माणसं होतो तिथं खिळायचो. बोलायची ती त्यांच्या हातातली मशीन. एटापल्लीकडच्या जंगलात, कच्च्या रस्त्यांवर सुरुंग शोधत पोलिसांच्या तुकडीपुढे चालणं ही त्यांची नोकरी. आम्ही त्यांना भाऊच म्हणायचो.

मशीनला काही अक्कल नसते हो. सुरुंग असो की डब्याचं झाकण, ती सारखीच किंचाळते. भाऊ पोटावर पालथे पडत, काडीनं टोचून बघत, मग बोटांनी माती सारत. आमचा जीव टांगणीला. आणि वर यायचं काय? पळी. नाहीतर सायकलची घंटी. “कोन्या बाईनं घर डोक्यावर घेतलं असन हिच्यासाठी!” असं म्हणत भाऊ पुढच्या गावात ती वस्तू दाखवत फिरायचे. एकदा एका म्हातारीनं आपली सांडशी ओळखली आणि त्यांनाच झापलं, “तूच नेली होती काय रे?” भाऊंनी निमूट माफी मागितली.

घर वरोऱ्याला. तिकडे बायको एकटीनं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करायची. भाऊ दरवर्षी बदलीचा अर्ज देत. “तुमच्यासारखा हात दुसरा नाही,” म्हणून साहेब पाठ थोपटत आणि अर्ज ठेवून घेत.

“चांगलं काम येनंबी पाप आहे बे,” ते एकदा मला म्हणाले.

मग एका वळणावर चेपलेला पितळी लोटा निघाला. गावात नेला, तर तो बघून एक माडिया म्हातारा मटकन खालीच बसला. त्यांच्यात माणसाला पुरलं की त्याच्या रोजच्या वस्तू तिथंच ठेवतात. रस्ता रुंद झाला तशी त्याच्या बायकोची जागा कडेला आली होती.

“माह्या बाईचा होय. तिले तहान लागन ना,” तो म्हणाला.

भाऊ आल्या पावली परतले आणि लोटा जिथल्या तिथं पुरला.

आणि तिथंच अडकले. मशीन बोलली की खणायचंच, हा नियम. आज लोटा आहे, पण उद्या त्याच्याखाली कोणी काही पेरलं तर? म्हणून प्रत्येक फेरीत तेच वळण, तोच आवाज, तेच पालथं पडणं. लोटा बाहेर काढायचा, बाहीनं पुसायचा, आपल्या बाटलीतलं घोटभर पाणी त्यात ओतायचं आणि परत पुरायचा.

मला संताप यायचा. “भाऊ, द्या ना फेकून! एका लोट्यासाठी दरवेळी मरता काऊन?”

“फेकू कुठी? तिचा होय ना तो.”

अखेर त्यांची बदली झाली. मशीन माझ्याकडे आली. पहिल्याच फेरीत ती त्या वळणावर बोलली. आता फेकायचाच, असं ठरवून मी पालथा पडलो. लोटा हातात आला आणि मला फेकवेना. मागं सगळे श्वास रोखून उभे होते. मी बाटली मागितली.

संध्याकाळी वरोऱ्याहून फोन आला. “घरी कसं वाटते भाऊ?” मी विचारलं.

“काय सांगू, आंगनातबी पाय टाकाले भेव लागते.” मग म्हणाले, “तिले पानी देल्लं ना?”

“देल्लं,” मी म्हणालो. समोर माझा पहिला बदलीचा अर्ज पडला होता. सही तेवढी राहिली होती.