टीव्हीवरचा जिताडा

आमच्या नव्या टीव्हीला मासळीतलं काही कळत नाही, असं एक अख्खी दुपार माझं ठाम मत होतं.

मुरुडला मासळीचा टेम्पो चालवण्यात माझे केस पिकले. त्यामुळे लेकीच्या, म्हणजे दीपाच्या साखरपुड्यात विहीणबाईंना मानाचा जिताडा द्यायचं ठरलं, तेव्हा तो मासा मीच निवडला. (दुसऱ्या कुणाची छाती होती!) देताना मासा ताजा आहे हे दाखवायला कॅमेऱ्यासमोर त्याचा कल्ला उघडून वर ओरडलोही, "बघून घ्या, लालभडक!" आता त्याच साखरपुड्याचा व्हिडिओ बघायला विहीणबाई आणि व्याही रेवसहून येणार होते. म्हणून तर हा भिंतभर टीव्ही आणला.

आधी आम्हीच व्हिडिओ लावला आणि तिघंही थक्क झालो. काय ते चित्र! वाडीतल्या माडांची पात न् पात वेगळी! दीपाच्या पापणीवरचं पाणीसुद्धा दिसत होतं. मी हात जोडायचेच बाकी होते.

"अवो, माझ्या नथीचा मोती बघा!" बायको ओरडली. "हातात घ्यावासा वाटतो!"

तेवढ्यात पडद्यावर मी आलो, जिताडा आला, कल्ला उघडला. आत चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी रंग!

"ह्यो तर शिळा हाय," बायको म्हणाली.

"जिताडा शिळा न्हाय, टीव्हीचा रंग चुकलाय!"

संध्याकाळी पाहुणे येणार. हा कल्ला विहीणबाईंनी एवढा मोठा बघितला, तर दीपाला सासरी जन्मभर ऐकावं लागणार! मी रिमोट उचलला आणि चित्र तिथेच थांबवून सेटिंग उघडलं. कलर वाढवला. कल्ला होता तसाच, पण बायकोची हिरवी साडी पेटली! टिंट सरकवला, तर माड निळे झाले! ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सगळं पिळून काढलं तेव्हा कुठे कल्ला लाल झाला.

"बाबा, जरा माणसंपण बघा!" दीपा रडकुंडीला आली.

बघितली. होणारा जावई वांग्याच्या रंगाचा झाला होता.

"चालेल," मी म्हणालो. "जावई सगळ्यांनी समोर बघितलाय. जिताडा परत दिसायचा न्हाय!"

पाहुणे आले, चहा झाला, व्हिडिओ सुरू झाला. जांभळ्या विहीणबाई पडद्यावर अवतरल्या आणि खऱ्या विहीणबाई खुर्चीतून उठल्या.

"अगो बाय! मला काय झालं होतं?"

"बीपी वाढलं असेल," व्याही काळजीनं म्हणाले.

"कॅमेरावाल्याची चूक," मी पुटपुटलो.

दीपानं माझ्या हातातला रिमोट ओढला आणि सगळं सेटिंग मूळपदावर आणलं. खोली उजळली! विहीणबाईंचा 'आ' मिटेचना. त्यांनी पुढे जाऊन पडद्यावरच्या स्वतःच्याच गालाला हात लावला.

"खरंच मी एवढी चांगली दिसते?"

आणि मग जिताडा आला. दाराएवढा तपकिरी कल्ला आणि त्याच्या शेजारी माझं दाराएवढं तोंड, "लालभडक!" म्हणून ओरडणारं! मी पंख्याकडे बघत बसलो.

"काय टीव्ही हाय व्याही!" विहीणबाई भारावून म्हणाल्या. "एकदम खरा रंग! आमच्या घरी पोचला तवा अस्साच होता. मांजरानं बी हुंगून सोडला!"

"मग तवाच बोलायचं न्हाय का?"

"किती हौसेनं दिलात! आणि अशी गुणाची पोर देताय, तिच्यापुढं जिताड्याचं काय घेऊन बसायचं?"

दीपा लाजली, बायकोनं डोळे पुसले. मलाही भरून आलं. एवढ्या मोठ्या मनाची माणसं लेकीला मिळाली, याहून बापाला काय हवं! रंग टीव्हीचा नाही, माझ्या डोळ्यांचाच चुकला होता; टीव्हीची मी मनातल्या मनात माफी मागितली.

तेव्हापासून बंदरावर मासळी घेताना मी कल्ला उघडतो, मोबाइलवर व्हिडिओ काढतो आणि घरी पाठवतो. बायको तो टीव्हीवर लावते. टीव्ही हो म्हणाला, तरच मी पाकीट काढतो. कालच त्यानं माझी सुरमई नापास केली!