मागच्या फाटकाचं कुलूप

कडावच्या अलीकडे जो वृद्धाश्रम आहे, त्याच्या विश्वस्तांनी माझ्या आत्याला फसवलं. मलाही फसवलं, पण माझं नंतर.

चौक गावातलं माझं गॅरेज मी स्वतः उभं केलं. घासाघीस केल्याशिवाय आजवर काही घेतलं नाही की विकलं नाही. मुंबईच्या एक निवृत्त शिक्षिका आश्रमासाठी जागा मागायला आल्या, तेव्हाही दुपारभर भांडलो. शेवटी मीच भाव उतरवला, आयुष्यात एकदाच. बदल्यात एक अट घातली. जागेच्या मागे आमचं खळं आहे. तिकडे फाटक ठेवायचं आणि ते दिवसा उघडं ठेवायचं.

अट आत्यासाठी होती. मूलबाळ नाही, घरात दिवसभर एकटी. ती म्हणाली होती, "खळ्यावर जाता आलं तर राहीन तिथं. नायतर नाय." बाईंनी अट करारात घातली.

आश्रमातली पहिली खाट आत्याची. तेव्हा तीन कौलारू खोल्या होत्या. दिवाळीनंतर भाताची झोडणी सुरू झाली, की ती फाटकातून येऊन सूप हातात घ्यायची. वारा सुटला की उफणायची, पडला की थांबायची. मग बाकीचेही येऊ लागले. दादरचे एक निवृत्त कारकून पेंढ्याची उडवी रचायला शिकले. ती कलली की आत्या ओरडायची, "भाऊ, ही उडवी हाय का दारू प्यायलेला मानूस?" ते हसत पुन्हा रचायचे.

बाई गेल्या. नवे विश्वस्त आले, वर दोन मजले चढले, लिफ्ट आली. मागच्या झोडणीला फाटकाला कुलूप दिसलं.

व्यवस्थापक म्हणाला, "काका, धुळीने लोकांना दम लागतो."

मी त्याला करार मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, विश्वस्तांना विचारा. विश्वस्त माझा फोन घेत नाहीत.

"मला कदी दम लागला रं?" आत्या म्हणाली. "पलीकडं झोडतायत ते ऐकू येतं आनि दिसत नाय, त्याचा तरास हाय."

रस्त्याने वळसा घालून गाडीतून नेतो म्हटलं, तर फटकारलं मला. "मी काय पावनी हाय, गाडीतनं खळ्यावर यायला?"

भात पिवळं पडायला लागलंय. कुलूप कोणाच्या हुकमाने लागलं, हे विश्वस्तांपैकी एकाने तरी झोडणीच्या आत इथे येऊन सांगावं. मला नाही, तिच्या खाटेजवळ बसून तिला सांगावं. आणि येताना किल्ली आणावी.