चुंचीच्या खाणावळीतलं बाळ

क्वेंकाच्या बसस्थानकात तिकिटाच्या खिडकीमागे बसणारी नियेवेस नव्या माणसाला एक गोष्ट हटकून सांगायची. आपला जन्म रस्त्यावरचा. दरड कोसळून बस अडकली, आईला कळा सुरू झाल्या आणि चुंची गावाच्या वळणावर, ओब्दूलियाबाईंच्या, म्हणजे दोन्या ओब्दूलियाच्या, खाणावळीत, चुलीमागे खाण्यासाठी पाळलेले गिनीपिग चिवचिवत असताना ओब्दूलियाने मका सोलायच्या सुरीने नाळ कापली. "म्हणून तर बसगाड्या माझी पाठ सोडत नाहीत," ती म्हणायची. जन्माच्या दाखल्यावर गाव कान्यार होतं, पण नोंद काय, लोक घरी पोचल्यावरच करतात.

ही गोष्ट तिला आईने सांगितलेली, तीही फोनवर. वडील लवकर गेले आणि नियेवेस अकरा वर्षांची असताना आई, तारहेलिया, कामासाठी स्पेनला गेली. आधी तिने शेतांवर भाजी खुडली, मग म्हाताऱ्या बायकांची सेवा केली. नियेवेस आणि तिचा मोठा भाऊ रोसेंदो कान्यारला सोइला मावशीकडे वाढले. रोसेंदोही पुढे अमेरिकेला गेला. आई तीन आठवड्यांसाठी आली ती थेट बावीस वर्षांनी, आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला चुंचीला ने. ती बाई जिवंत असेल तर तुला तिच्यापुढे उभी करायचीय."

बसमध्ये आई आधी सीटचा पट्टा शोधत राहिली. पट्टा नव्हताच.

"हे कुठलं गाव?" तिने विचारलं.

नियेवेसने खिडकीतून पाटी वाचली. खिडकीमागे बसून या गावांची नावं तिने हजारदा पुकारली होती, पण त्यांची तोंडं तिला कुठे ठाऊक होती.

"तुम्हाला आठवत नाही? तुम्ही तर इथल्याच."

"तू मला तुम्ही-तुम्ही काय करतेस? तिकडे आईला कुणी असं म्हणत नाही."

"इथे म्हणतात. तुम्हीच शिकवलंत."

"मी?" तारहेलिया विचारात पडली. "असेल शिकवलं."

आईच्या बोलण्यात आता तिकडचे हेल आले होते. कंडक्टरने तिला परदेशी समजून सावकाश, एकेक शब्द सुटा करून पैसे मागितले. नियेवेसला हसावं की रागवावं ते कळेना. शेजारी बसलेली ही बाई पाहुणी होती की आई, तेही मधूनच कळेनासं व्हायचं.

चुंचीला खाणावळ होती आणि ओब्दूलियाही होती. वय ऐंशीच्या पुढचं, दारात बसून शेंगा सोलत होती. तारहेलिया तिच्या पुढ्यात बसली, तिचे हात हातात घेतले आणि सगळी हकिगत सांगितली. दरड, बस, सुरी. म्हातारीची मान डोलत होती.

"आठवतंय की. तू फार ओरडत होतीस. माझी भाताची पातेली तू लाथेने उलथवलीस."

"हो, हो. आणि ही ती पोर." तारहेलियाने नियेवेसला पुढे ढकललं.

ओब्दूलियाने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ही नव्हे. तो मुलगा होता."

"मुलगी, दोन्या ओब्दूलिया. हीच."

"अगं बाई, मीच धुतलं त्याला. मुलगा आणि मुलगी यातला फरक मला कळतो. तुझा नवरा सगळ्या बसला दारू पाजत सुटला होता, मुलगा झाला म्हणून. कानाखाली लाल डाग होता पोराच्या, मी म्हटलं, सुरी लागली की काय."

कानाखालचा डाग रोसेंदोचा होता. न्हावी केस बारीक कापायचा तेव्हा शाळेतली मुलं त्यावरून त्याला चिडवायची, आणि नियेवेस त्यांच्यावर धावून जायची.

तारहेलिया मुलीकडे वळून म्हणाली, "मग तू कुठे झालीस?"

"मला काय विचारता? तिथे तुम्ही होतात."

"मला आठवत नाही, नियेवेस." तिचा आवाज बारीक झाला. "म्हाताऱ्यांच्या उशाशी बसून मी हीच गोष्ट सांगायचे. मुलगी म्हणूनच सांगायचे. रोसेंदो फोन उचलायचा नाही, तू उचलायचीस. तेव्हाच कधीतरी अदलाबदल झाली असेल."

ओब्दूलियाने दोघींपुढे उकडलेला मका आणि डुकराचं मांस ठेवलं. कुणाची चूक झाली हे न कळून तीही ओशाळली होती. "हे पण देवाचंच लेकरू," ती पुटपुटली. नियेवेस खात राहिली. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी कुणीतरी अंगावरचा कोट मागून नेल्यासारखं, नुसतंच उघडं वाटत होतं. तिने सोइला मावशीला फोन लावला.

"तू?" मावशी म्हणाली. "तू इथेच, आपल्या शेतात. दुपारी. तुझी आई बटाटे काढत होती, म्हणाली, कंबर दुखते, आणि बांधावर बसली. मी पाणी घेऊन येईपर्यंत तू बाहेर. काही त्रास नाही. संध्याकाळी तिने पुन्हा चूल पेटवली. यात विचारण्यासारखं काय आहे?"

"मग तू मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? चुंची चुंची करत होतीस, मला वाटलं शहरातल्या लोकांना रंगवून सांगतेस."

तारहेलिया कान लावून ऐकत होती. "ते शेत बघू या," ती म्हणाली.

पुढे रियोबांबा शहरापर्यंत जायचा बेत होता, तो राहिला. दुसऱ्या दिवशी कान्यारला मायलेकी आणि मावशी, तिघी मिळून चढण चढल्या. शेत कधीच विकलं गेलं होतं. त्यावर परदेशातल्या पैशाचं तीनमजली घर उभं होतं, निळ्या काचांचं, कुणीच राहत नसलेलं. सोइला मावशीने हनुवटीने आधी कुंपणाकडे दाखवलं, मग विहिरीकडे.

"इथे. नाहीतर तिथे. बांध कुठला होता तेच आता समजत नाही."

तारहेलिया कुंपणापाशी गेली, मग विहिरीपाशी. दोन्ही ठिकाणी थोडी थोडी थांबली. तिच्या तोंडावर काहीच उमटलं नाही, आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

"खरंच आठवत नाही गं," ती म्हणाली. "तू फारच सहज आलीस."

आईला दम लागला होता, म्हणून नियेवेसने तिला दंडाला धरून गवतावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. मावशीने शालीखालून उकडलेल्या शेंगा काढल्या. तिघींनी त्या सोलून खाल्ल्या.