जुवाखालची मान

कापसाच्या तेजीत अकोल्यातल्या बहुतेक गाड्या कापसाला लागल्या, तरी आमच्या शेजारचा गाडीवान जळणच वाहत राहिला. लाकडांच्या जड मोळ्या गाडीत रचून झाल्या, की बैल जुंपण्याआधी तो जू स्वतःच्या मानेवर घेऊन डोळे मिटून उभा राहायचा. भार जास्त वाटला, तर पुढची एखादी मोळी मागं सरकवायचा. लोक हसत.

त्याची बायको गेली, तेव्हा मसणात न्यायची लाकडंही त्यानंच भरली आणि तो जुवाखाली वाकला.

मी म्हणालो, "दादा, आज तरी राहू द्या."

"बैलाले काय मालूम, लाकडं कोनासाठी हायेत," तो म्हणाला.

मग वरचा एक ओंडका उतरवून त्यानं आपल्या खांद्यावर घेतला आणि बैलांच्या बाजूनं चालू लागला.